दाजींच्या तारुण्यासाठी रायपूरला

रायपूरला जाऊन आले असं सांगितलं की सांगलीतली माणसं विचारतात, "तिथं बघण्यासारखं काय आहे?" मी सांगते, "माझे दाजी." लोक हसतात आणि विषय बदलतात. पण मी खरोखर दाजींनाच बघायला गेले होते. त्याआधी माझ्या बहिणीचा फोन आला होता. "मंदे, तीजाच्या आधी येऊन जा. हे तरुण होऊन राहिले आहेत अन् मले काही ते झेपत नाही."

ही माझी थोरली बहीण विमलताई. लग्न करून रायपूरला गेली त्याला चाळीसहून जास्त वर्षं झाली. दाजींचं घराणं मराठ्यांच्या राजवटीत तिकडे गेलं आणि तिथलंच झालं. तीजा म्हणजे आपली हरतालिका, पण छत्तीसगडमध्ये तिचा थाट मोठा असतो. त्या दिवसांत लग्न झालेल्या बायका माहेरी जातात आणि माहेरची साडी नेसतात. ताईच्या माहेरी आता मी एकटीच उरले आहे. म्हणून ताईचं माहेर म्हणजे मी बॅग भरून रायपूरला निघाले.

गुढियारीच्या बाजूला

आगगाडीतलं काही सांगत नाही, सगळ्यांच्या गाड्या सारख्याच उशिरा पोचतात. रायपूरला उतरले तेव्हा दुपार होती. कुणीतरी कढत टॉवेल तोंडावर धरावा तशी हवा होती. दाजी फलाटावर आले होते आणि मी त्यांच्या शेजारून सरळ पुढे निघून गेले. ओळखलंच नाही. सत्तरी ओलांडलेला माणूस, अंगात जीन्स आणि पिवळा टी-शर्ट, केस बुटाच्या पॉलिशसारखे काळे. भुवयाही रंगवलेल्या होत्या, त्यामुळे चेहऱ्यावर सतत काहीतरी आश्चर्याची बातमी ऐकल्याचा भाव.

"ओळखलं नाही ना?" ते खूश होऊन म्हणाले. "हे तर बिना इंजेक्शनचं आहे, मंदा. इंजेक्शन घेतल्यावर तुले आधार कार्ड दाखवावं लागीन."

आम्ही मुख्य दरवाज्यानं बाहेर आलो. गाडी जिथं लावली होती म्हणाले, तिथं नव्हती. आम्ही उन्हात दोनदा सगळ्या रांगा धुंडाळल्या. दाजी पोलिसात जायच्या गोष्टी करू लागले. मग एकदम म्हणाले, "अरे, मी तर गुढियारीकडून आलो." गुढियारी ही स्टेशनच्या मागची दाट वस्ती. मग पुलावरून पुन्हा पलीकडे. तिथं मालाचे ट्रक, पोत्यांच्या थप्प्या, हमालांची धावपळ, आणि या सगळ्यात दाजींची गाडी गुपचूप उभी. एका हमालानं दाजींचा घाम बघून आपल्या पोत्यावर जागा केली. "बैठ जाइए बाबूजी, थोड़ा सुस्ता लीजिए."

दाजी बसले नाहीत. गाडी चालू करताना म्हणाले, "बाबूजी काहून म्हणतात हे लोक? भैया म्हणता येत नाही का?"

तात्यापारा

ताईचं घर तात्यापाऱ्यात चष्म्याच्या दुकानावर आहे. पारा म्हणजे मोहल्ला. सांगलीत पाहुणा आला की आधी पाणी, मग चहा, मग "जेवूनच जा" असं म्हणत त्याची परीक्षा. इथं पाहुण्यानं चप्पल काढायच्या आत पोहे आणि जिलबी येते. गोड आणि तिखट एकाच बशीत, एकमेकांना चिकटून. आमच्याकडे जिलबीला निदान एखादी मुंज लागते. संध्याकाळी ताईनं फरा केला होता. तांदळाच्या उकडीचे लांबट मुटके, वर तीळ आणि मिरचीची फोडणी. असे आठ-दहा खाल्ले की माणसाला दुसऱ्याच्या संसारातल्या अडचणी शांतपणे ऐकता येतात.

ताईची अडचण अशी होती. त्यांचं एक मराठी मंडळ आहे. दर गणपतीत ते नाटक बसवतं. नाटक मंडळातल्याच कुणीतरी लिहायचं आणि नायक दाजींनी व्हायचं, हे इतकी वर्षं चाललेलं. गेल्या वर्षी नायक दाजी होते आणि त्यांच्या वडिलांचं काम करणारे गृहस्थ दाजींपेक्षा पंधरा वर्षांनी लहान होते. कुणाला त्यात वावगं वाटलं नाही. ताई विंगेत पुस्तक घेऊन प्रॉम्प्टिंग करते, तेही पहिल्यापासून. या वर्षी मात्र मंडळानं नायकाचं काम बँकेतल्या एका तिशीच्या अधिकाऱ्याला दिलं आणि दाजींना सांगितलं, "आता वयाप्रमाणे वडिलांचं करा."

"तेव्हापासून आरशासमोरून हलत नाहीत," ताई म्हणाली. "आधी केस झाले. मग भुवया. आता त्या दवाखान्यात जाऊन पोटातली चरबी काढणार, तिच्यातून पेशी वेगळ्या करणार, अन् त्या शिरेतून अन् तोंडात टोचणार. तरुणपण येते म्हणे."

दाजी आतून म्हणाले, "स्टेम सेल म्हणतात त्याले. मूळ पेशी. तुमच्या सांगलीत अजून पोचल्या नाहीत."

निघण्याआधी मी आमच्या सांगलीच्या डॉक्टरांना विचारलं होतं. ते म्हणाले होते, रक्ताचे काही आजार सोडले तर या उपचाराला आपल्याकडे रीतसर मान्यता नाही, आणि तरुण होण्यासाठी तर मुळीच नाही. हे मी दाजींना सांगितलं.

"मान्यता म्हाताऱ्या लोकांच्या कमिट्या देतात," दाजी म्हणाले. "त्या काहून देतील?"

बूढा तालाब

दाजींचा फिरायला जाणारा गट रोज सकाळी बूढा तालाबाला फेऱ्या मारतो. शहराच्या मध्यावरचा हा मोठा तलाव. त्याला 'बूढा' का म्हणतात याच्या दोन-तीन कथा ऐकल्या आणि एकही पटली नाही. पण तरुण होण्यासाठी माणसांनी रोज त्याच तलावाला चकरा माराव्यात, हे मला पटलं.

गटात सगळे सत्तरीच्या अलीकडचे-पलीकडचे. त्यांचे पुढारी गोपालसेठ. पंडरीच्या कापड बाजारात त्यांचं साड्यांचं ठोक दुकान आहे. त्यांनी हिवाळ्यात पहिली सुई घेतली होती आणि दुसरी नुकतीच. त्यांनी माझ्यासमोर पायाचे अंगठे धरून दाखवले. मग दंडाची बेटकुळी काढली आणि गटातल्या प्रत्येकाला ती दाबून बघायला लावली. लोकांनी ती भक्तिभावानं दाबली.

"मेरी उमर बताइए," ते मला म्हणाले.

मी सभ्यपणानं साठ सांगितलं.

"अड़सठ," ते म्हणाले. "और अंदर से अड़तालीस. आप भी सोचिए, माताजी."

मी बासष्ट वर्षांची आहे. माताजी हा शब्द मी त्यांच्या पोटाकडे बघत गिळला. टी-शर्टच्या आत काहीतरी घट्ट बांधलेलं दिसत होतं आणि वाकल्यावर त्यांनी कण्हणं खोकल्यात लपवलं होतं. मी ते पाहिलं. दाजींनी फक्त दंड पाहिला.

परत येताना कोपऱ्यावर गरम वडे आणि टोमॅटोची झणझणीत चटणी खाल्ली. तिथंही चर्चा पेशींचीच. एकानं वडा तेलातून काढताना मोठ्या आशेनं विचारलं, "तो पेट की चर्बी जितनी ज़्यादा, उतना अच्छा न?" सगळ्यांनी माना डोलावल्या आणि आणखी एकेक प्लेट मागवली.

दवाखाना

दवाखान्याचं नाव लिहीत नाही. तो नव्या रायपूरकडे जाणाऱ्या रुंद रस्त्यावर होता. आत इतकं थंड की माणूस तरुण नाही झाला तरी टिकावा. औषधांचा वास नव्हता, गवती चहाचा होता. भिंतीवर गोऱ्या म्हाताऱ्यांचे फोटो, सगळे समुद्रकिनाऱ्यावर हसताना. रायपूरपासून समुद्र किती लांब आहे याची त्यांना कल्पना नसावी.

आमच्या वाट्याला एक काउन्सेलर मुलगी आली. ताईनं तिला मराठीत नाव-गाव विचारलं. मुलगी मराठी घरातलीच निघाली. "समझ में सब आती है मौसी," ती म्हणाली, "बस बोलने में नहीं आती." मग तिनं आम्हाला एक यंत्र दाखवलं. त्यात अंगठा ठेवायचा, कॅमेऱ्याकडे बघायचं, की पडद्यावर आपलं खरं वय येतं. जन्माचं नाही, शरीराचं.

दाजींचं ऐंशी आलं. ते खचले. ताईनं अंगठा ठेवायला साफ नकार दिला. "माझं मले माहीत आहे," म्हणाली. मी ठेवला तर एकाहत्तर.

"देखिए मौसी, आपको तो अंकल से ज़्यादा ज़रूरत है," मुलगी कळवळ्यानं म्हणाली.

खोटं कशाला सांगू, एकाहत्तर आकडा मलाही झोंबला. मी मनातल्या मनात आमच्या गल्लीतल्या बायकांची वयं आठवू लागले. मग पाणी प्याले, पदरानं अंगठा पुसला आणि पुन्हा ठेवला. या वेळी चोपन्न आलं.

मुलगी जराही डगमगली नाही. "पानी पीने से हाइड्रेशन हो जाता है न."

"म्हणजे पेलाभर पाण्यानं मी सतरा वर्षांनी तरुण झाले," मी म्हणाले. "मग दाजींना तांब्याभर दे आणि आम्हाला घरी सोड."

ती हसली. तिला मराठी खरंच सगळं समजत होतं. पण तेवढ्यात डॉक्टरांनी आत बोलावलं.

डॉक्टर देखणे होते आणि फार मऊ बोलत होते. मागे फ्रेमच फ्रेम. मी चष्मा लावून वाचल्या, तर बहुतेक कुठल्याशा परिषदेला हजर राहिल्याच्या होत्या. ते म्हणाले, "आप ही की चर्बी है, आप ही को वापस. इसमें रिस्क कैसा?"

मी मान्यतेचं विचारलं. ते म्हणाले, "हम इसे रिसर्च के तौर पर करते हैं."

"आणि पैसे पेशंट देतो?"

"जी, नॉमिनल."

संशोधनाचा खर्च उंदरानं करायचा, ही पद्धत मी पहिल्यांदा पाहिली. मी ते बोलूनही दाखवलं. दाजींनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच त्यांचं नायकाचं काम काढून घेतलं. त्यांनी दोन आठवड्यांनंतरचा दिवस पक्का केला.

पंडरी

ठरलेल्या दिवसाच्या दोन दिवस आधी ताईला तीजाची साडी घ्यायला आम्ही पंडरीला गेलो. तीजाच्या आधीची पंडरी म्हणजे छत्तीसगडातल्या सगळ्या माहेरांची एकत्र झुंबड. भाऊ, बाप, काका साड्यांच्या ढिगात बसलेले आणि हातातली साडी लेकीला शोभेल का याचा अंदाज बायकोच्या चेहऱ्यावरून घेत असलेले. मला ही रीत आवडली. आमच्याकडे माहेरची साडी म्हणजे वर्षातून कधीतरी, हातात कोंबून, "असू दे गं" म्हणत. इथं ती मागून, भांडून, निवडून घेतात.

आम्ही अर्थातच गोपालसेठच्या दुकानात गेलो. दाजींना त्यांच्याकडून शेवटचा धीर घ्यायचा होता आणि सेठ बरेच दिवस तलावावर दिसले नव्हते. सेठ गादीवर नव्हते. मुलगा म्हणाला, पापा बाहेरगावी गेलेत. ताईनं हिरवी साडी निवडली. तेवढ्यात दाजींनी छाती काढून सांगितलं, "परसों हमारा भी नंबर है. सेठजी को बता देना."

हिशेबाला बसलेल्या सुनेनं हे ऐकलं आणि हातातलं काम थांबवलं. नवऱ्याकडे एकदा पाहिलं. मग म्हणाली, "अंकल, पहले घर चलकर पापाजी से मिल लीजिए." मुलगा काहीतरी पुटपुटला, पण तिनं लक्ष दिलं नाही.

घर दुकानाच्या मागच्या गल्लीतच होतं. गोपालसेठ पलंगावर पडले होते. मी ओळखलं ते फक्त आवाजावरून. दाढी पांढरी वाढलेली, केसांच्या मुळाशी पांढरी पट्टी, पोटाला जाड ड्रेसिंग आणि बाजूनं निघालेली एक नळी. दुसऱ्या वेळी जिथून चरबी काढली होती तिथं पू झाला होता. तो गळत असतानाच पट्टा बांधून ते फिरायला येत होते. शेवटी ताप चढला आणि मोठ्या इस्पितळात पोट कापून सगळं साफ करावं लागलं.

दाजी दारातच उभे राहिले. सेठ म्हणाले, "आइए भाईसाहब. किसी को बताइएगा मत."

"लेकिन आपने तो कहा था..."

"कहा था." सेठनी भिंतीकडे मान वळवली. "कितनों को भेजा है मैंने वहाँ. अब किस मुँह से बोलूँ."

सून दारातून म्हणाली, "उन्हीं क्लिनिकवालों को फ़ोन किया तो बोले, आपने घर में सफ़ाई नहीं रखी होगी." ती हे रागानंही बोलली नाही. थकून बोलली.

आम्ही निघालो तेव्हा सेठनी दाजींचा हात धरला. मला वाटलं आता सांगतील, जाऊ नका म्हणून. ते म्हणाले, "पर भाईसाहब, घुटने में सच में फरक था."

दाजींनी बाजाराच्या गर्दीतून गाडी बाहेर काढली. मग म्हणाले, "त्यायले शुगर आहे. मले कुठं आहे?"

ताईनं साडीची पिशवी मांडीवर घट्ट धरली आणि खिडकीबाहेर पाहत राहिली.

स्वयंपाकघरात

दुसऱ्या दिवशी दुपारी ताई ठेठरी तळत होती. बेसनाची ही जाड कडबोळी पोळा-तीजाला इथं घरोघर होतात. मराठी घरांतूनही आता चकलीच्या आधी ठेठरीच होते. दाजी बाहेर गेले होते. मी कडबोळी वळत होते. ताई कढईकडे बघत म्हणाली, "मंदे, यांचा रोल मीच काढायला लावला."

मी हात थांबवले.

"मागच्या वर्षी तिसऱ्या अंकात हे दुसऱ्या अंकातलं बोलायले लागले. मी विंगेतून तीनदा वाक्य सांगतलं. नाही ऐकलं. हिरॉइन हुशार, तिनं सांभाळून घेतलं. लोकायले वाटलं गंमतच आहे. पण मी घाबरली. मग घरी पाहायले लागली. एकच गोष्ट दहा वेळा विचारतात. गॅस चालू राहते. गाडी कुठं लावली ते आठवत नाही."

मला स्टेशनवरची दुपार आठवली आणि मी त्यावर सांगलीला फोन करून केलेली थट्टाही.

"मग मंडळाच्या सेक्रेटरीले जाऊन सांगतलं, यायले मोठा रोल नका देऊ, पण कारण सांगू नका. त्यानं वयाचं कारण सांगतलं. अन् यांनी ते तोंडावरच्या सुरकुत्यांवर घेतलं."

"मग खरं सांग त्यांना."

"कसं सांगू? हे खूळ आहे, पण यात त्यायले आशा तरी आहे. माझ्या सांगण्यात काय आहे?" तिनं झारा निथळवला. "तू सांगशील म्हणून बोलावलं तुले."

मी सरळ नाही म्हणाले. माणूस तिचा, चाळीस वर्षं पुस्तक तिच्या हातात, आणि हे एक वाक्य मात्र सांगलीहून येऊन मी सांगायचं? ताई रागावली. संध्याकाळपर्यंत माझ्याशी बोलली नाही, पण ठेठरी माझ्यापुढे वाढत राहिली.

पुन्हा दवाखाना

ठरल्या दिवशी दाजी उपाशीपोटी, इस्त्रीचा शर्ट घालून तयार झाले. दवाखान्यात त्यांना मागून उघडा असणारा निळा झगा दिला. डॉक्टरांनी येऊन पोटावर स्केचपेननं गोल आणि बाण काढले. कुठून आत शिरायचं, कुठून बाहेर पडायचं, असा पोटाचा सगळा नकाशा. मग आम्हाला एका खोलीत बसवलं. दाजी लांबलचक खुर्चीत, झगा गुडघ्यांवर ओढत. काउन्सेलर मुलगी सह्यांचे कागद घेऊन शेजारी उभी.

दाजींनी पेन हातात घेतलं. ताई म्हणाली, "अहो, थांबा."

"आता काय?"

"तुमचा रोल मी काढायला सांगतला."

दाजींनी तिच्याकडे पाहिलं. रंगवलेल्या भुवया तशाच वर.

"तुमच्या तोंडाले काही झालं नाही," ताई म्हणाली. "तोंड चांगलं आहे. तुम्ही विसरून राहिले. मी वर्षभर पाहून राहिली. तिसऱ्या अंकात तुम्ही भलतंच बोलले."

मला वाटलं, ते उठतील, ओरडतील. ते स्वतःच्या पोटावरच्या बाणांकडे बघत राहिले. मग हळू म्हणाले, "मले वाटलं, कोणाले समजलं नाही."

"मले समजलं. पुस्तक माझ्या हातात होतं."

म्हणजे त्यांनाही ठाऊक होतं. आधीपासून. सुरकुत्या भरता येतात असं कुणीतरी सांगितलं होतं, म्हणून त्यांनी सगळा दोष सुरकुत्यांवर टाकला होता. ताईनं त्यांच्या खुर्चीच्या हातावर हात ठेवला. दाजींनी तो काढला नाही.

अशा वेळी कुणीही बोलू नये. पण काउन्सेलर मुलीला मराठी सगळं समजत होतं. ती पुढे वाकून अगदी प्रेमानं म्हणाली, "अंकल, टेन्शन मत लीजिए. मेमरी के लिए हमारे पास अलग पैकेज है. इसी के साथ करा लेंगे तो दोबारा चर्बी निकालनी नहीं पड़ेगी."

दाजींनी मान वर केली. "वही चर्बी?"

"जी अंकल, सेम."

"म्हणजे तोंडात टोचली की तोंड तरुण, डोक्यात घातली की डोकं." दाजी माझ्याकडे वळले. "फार हुशार निघाली की माझी चरबी, मंदा. एवढी हुशार होती तर डायलॉग तिलेच पाठ करायले द्यायचे होते."

मग ते मुलीला म्हणाले, "बेटा, मेरी पैंट कहाँ रखी है?"

डॉक्टर आले, मऊ आवाजात बरंच बोलले. आज मागे फिरणाऱ्याला उद्या पश्चात्ताप होतो, असं काहीसं. दाजींनी पट्टा आवळता आवळता सगळं ऐकून घेतलं. दारातून बाहेर पडल्यावर म्हणाले, "भूक लागली." आम्ही रस्त्याकडेच्या टपरीवर चीला खाल्ला. तांदळाच्या पिठाचं ते पातळ धिरडं, सोबत हिरवी चटणी. दाजी एकामागून एक खात होते आणि ताई त्यांच्याकडे बघत रडत होती. टपरीवाल्या बाईला वाटलं, चटणी तिखट झाली. तिनं ताईपुढे गूळ ठेवला.

त्यानंतर

मी जितके दिवस राहणार होते त्याहून जास्त राहिले. मोठ्या इस्पितळात मेंदूच्या डॉक्टरांना दाखवलं. तिथं ना सोफा होता ना गवती चहाचा वास. तासन्‌तास बाकावर बसावं लागलं. डॉक्टरांनी दाजींना घड्याळ काढायला लावलं, शब्द लक्षात ठेवायला सांगितले, रक्त तपासलं, कान तपासायला पाठवलं. शेवटी म्हणाले, विसरण्याचा आजार सुरू झालेला दिसतो. तो उलटा फिरवता येत नाही. गोळ्या आहेत, थोडा उपयोग होतो. फिरणं सोडू नका, माणसांत राहा, आणि ऐकायचं यंत्र लावा. तरुण करण्याबद्दल ते एक शब्दही बोलले नाहीत. दाजींनीही विचारलं नाही. परतताना गाडी मी चालवली. दाजी शेजारी बसून प्रत्येक वळणावर मला रस्ता सांगत होते आणि तो बरोबर होता.

बूढा तालाबावर दाजींनी गटाला सगळं सांगितलं. गोपालसेठचं नाव घेतलं नाही, स्वतःचंच सांगितलं. लोकांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग एकजण म्हणाला, "आपकी चर्बी में दम नहीं होगा." पुढच्या आठवड्यात त्यातले दोघे तिथं जाऊन अंगठा ठेवून आले. एकाचं वय नव्वद निघालं म्हणे. तो सगळ्यांना अभिमानानं सांगत होता, बहुतेक सवलत जास्त मिळते म्हणून.

मंडळात दाजी स्वतः गेले. सेक्रेटरीला म्हणाले, "मी विसरतो. बापाचं काम करीन. जमलं तर ठीक."

गणपतीतल्या नाटकाला सभागृह भरलं होतं. पुढे आज्या, मागे नातवंडं. नातवंडं मराठी विनोदाला हसत होती आणि एकमेकांना तो हिंदीत समजावत होती. दाजींनी केस धुऊन काढले होते. पांढरे नाही, पुसलेल्या फळ्यासारखे करडे दिसत होते. पहिला अंक चांगला गेला. दुसऱ्या अंकात मुलगा घर सोडून निघतो आणि बाप त्याला अडवतो. दाजी दारात आडवे उभे राहिले, तोंड उघडलं, आणि थांबले.

ताई विंगेतून कुजबुजली. पुन्हा कुजबुजली. मी दुसऱ्या रांगेत होते, मलाही ऐकू आलं. दाजींना आलं नाही, त्यांचं ऐकायचं यंत्र अजून तयार होऊन आलं नव्हतं. नायक झालेला बँकेतला तरुण बॅग हातात धरून घाम पुसत होता. सभागृहात खुर्च्या करकरल्या.

मग दाजी विंगेकडे वळून मोठ्यानं म्हणाले, "विमल, जोरात सांग. ऐकू नाही येऊन राहिलं."

ताई पुस्तक छातीशी धरून तशीच उभी राहिली. इतक्या वर्षांत प्रेक्षकांनी तिला कधी पाहिलं नव्हतं.

"असं कर," दाजी म्हणाले, "तू इकडंच येऊन बस."

ती आली. चष्मा सारखा केला आणि रंगमंचावरच्या सोफ्यावर बसली. नाटकात आई पहिल्या अंकाच्या आधीच वारलेली होती. सोफ्याच्या वर, भिंतीवर, तिचा हार घातलेला फोटो टांगला होता. त्या फोटोखाली बसून ताईनं पुस्तकात बोट ठेवलं आणि खणखणीत आवाजात वाचलं, "जायचंच असेल तर जा. पण जेवून जा."

दाजींनी मुलाच्या खांद्यावर हात ठेवला आणि तेच वाक्य म्हटलं. पुढचं त्यांना आठवत होतं. जिथं आठवत नव्हतं तिथं ते बायकोकडे बघायचे आणि ती सांगायची. असं उरलेलं नाटक झालं. सभागृहातल्या एकाही माणसानं त्या वारलेल्या बाईच्या तिथं बसण्याला हरकत घेतली नाही.